राणीचे केस

गेल्या हंगामात शेजारच्या गावच्या जत्रेत राणी बेशुद्ध होऊन पडली आणि तिचे केस राजाच्या तलवारीच्या मुठीला अडकून वरच राहिले. राणी म्हणजे आमचे हे. राजा गडबडला, तो तलवार बाजूला घ्यायला गेला तर केसही तिच्याबरोबर निघाले, आणि खाली माझ्या नवऱ्याचं टक्कल दिव्यांखाली लख्ख दिसायला लागलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी चटईवर बसले होते, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आमचे हे मात्र डोळे मिटून तसेच पडून राहिले, कारण राणी अजून बेशुद्ध होती ना! घरात दूध उतू जाताना हाक मारली तर उठायचे नाहीत, ही त्यांची सवय तिथे कामी आली.

दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात आणि आमचे हे मिसरूड फुटल्यापासून राणीच करत आले आहेत. पावसात शेती, दिवाळीनंतर राणी. साड्या, दागिने, रंग, केस सगळं ज्याचं त्यानं पेटाऱ्यात घालून न्यायचं, कंपनी त्यातलं काही देत नाही. म्हणजे राणीचा सगळा संसार शेवटी आमच्याच घरात, माझ्याच कपाटात.

त्या प्रयोगानंतर कंपनीच्या मालकांनी नुकत्याच आलेल्या एका मुलाकडे बोट दाखवत ह्यांना बाजूला घेतलं. "पुढच्या सालाक राणी नवो झील करतलो. तू ऋषी कर. दाढी लावलंस काय झाला." सकाळी हे घरी आले, पेटारा ओट्यावर ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. बांगड्याचं तिकलं ताटात तसंच राहिलं. शेवटी म्हणाले, "माका दाढी लावूक सांगतत गो." डोळ्यांत काजळ होतं ते ओघळत होतं. मला त्यांची फार दया आली. त्या दयेनंच माझा घात केला.

कारण मालकांनी एक फट ठेवली होती. नव्या हंगामाचा पहिला प्रयोग आमच्याच गावच्या जत्रेत व्हायचा होता. गावाचा मान म्हणून तेवढी राणी ह्यांनी करायची. केसांचा टोप नीट बसला, काम रंगलं, तर पुढचं बघू, नाहीतर दाढी.

पडलेला टोप मुंबईहून आणलेला, नायलॉनचा. हल्लीच्या पांढऱ्या दिव्यांत तो निळा दिसायचा आणि राणी बाहुलीसारखी वाटायची. खऱ्या केसांच्या तयार टोपाचा भाव ह्यांनी फोनवर विचारला आणि पुढचं न ऐकताच फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घरातच करूया. तू काथ्याचा काम करतंस, तुका काय कठीण?"

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. आमच्या वालावलच्या बाजूला नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजवून, ठोकून काथ्या काढायचा आणि त्याचं सुंभ वळायचं, हे मी लग्नाआधीपासून करत आले आहे. केस म्हणजे तरी काय, बारीक काथ्याच, असं आम्हा दोघांना वाटलं. आणि केस घरात होतेही. सासूबाईंचा नियम होता की विंचरताना निघालेलं गुंतवळ अंगणात टाकायचं नाही, कुणी उचलून करणी करील. केसांवर भांडी देणारी बाई दारात यायची, तिलाही त्या द्यायच्या नाहीत. सगळं गुंतवळ एका पत्र्याच्या डब्यात कोंबलेलं. सासूबाई गेल्या, डबा राहिला. उघडला तर माझे काळे आणि त्यांचे पांढरे असे डबाभर केस. हे म्हणाले, "आवशीचे केस पण आसत ह्येच्यात. आशीर्वाद मिळतलो."

मग मी काथ्यासारखंच काम केलं. गुंता सोडवला, पिंजला, सगळ्या बाजूंनी मिसळला, कारण काथ्या जितका उलटसुलट मिसळाल तितकं सुंभ घट्ट येतं. भर पावसात हे चाललेलं. केस वाळायचे नाहीत, म्हणून चुलीवरच्या मांडवीच्या काठ्यांना टांगून ठेवले, तर त्यांना धुराचा वास लागला. शेजारीण चहापावडर मागायला आली आणि चुलीवर केस लोंबताना बघून पावडर न घेताच गेली. तरी मी नेटानं सगळं टोपीवर शिवलं, काळा रंग लावला आणि रिठ्याच्या पाण्यात धुतलं. वर काढलं तेव्हा हातात पायपुसणं होतं. केस एकमेकांत असे घट्ट बसले होते की फणीचे दात मोडले.

"माका दिसता तू जोरान चोळलंस," हे म्हणाले.

मी फणीचे मोडलेले दात वेचले. बोलले असते तर त्या दिवशी घरात राजा, राणी, ऋषी कुणीच उरलं नसतं. आमची मुलगी कुडाळला कॉलेजात जाते, तिनं फोनवर शोधून मला दाखवलं. केसाला मूळ आणि टोक असतं. माशाच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलटा फिरवला तर खवलं बोचतं, तसंच. मुळं आणि टोकं मिसळली की पाणी लागताच केस एकमेकांत गुंततात. काथ्याला जे बळ येतं त्यानंच केसांचा सत्यानाश होतो. "आई, मी तुला आधीच विचारणार होते," मुलगी म्हणाली. सगळेच मला नंतर सांगतात.

आता सगळी मुळं एका बाजूला असलेले, म्हणजे डोक्यावरून थेट कापलेले केस हवे होते. आणि आमच्या मुलीचे केस कमरेपर्यंत. ते खांद्यापर्यंत कापू द्या म्हणून ती किती वर्षं मागे लागली होती. दर वेळी ह्यांचं एकच, "चेडवाचे केस म्हणजे घराची लक्ष्मी. हात लावूचो नाय." तिनं एकदा शेंडे तेवढे कापून घेतले होते तर हे दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. तेच हे त्या संध्याकाळी जेवताना म्हणाले, "आजकालच्या चेडवांका जरा मोकळीक व्हयी. काप बाय तू केस. तुझो जीव आसा तर काप." मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी भाताच्या टोपात बघायला लागले, कारण ह्यांच्याकडे बघितलं असतं तर माझ्या हातातला डाव सुटला असता.

मुलगी कच्च्या गुरूची चेली नाही. ती म्हणाली, कापेन, पण आईच्या कात्रीनं नाही, कुडाळच्या पार्लरमध्ये. मी बरोबर गेले, लोकरीचे तुकडे घेऊन. कापण्याआधी एकेक बट कापायच्या जागेच्या जरा खाली बांधली, म्हणजे वरची बाजू कळावी. पार्लरवाली मुलगी मला वेडी समजली, आणि तिचं काही चुकत नव्हतं. परतताना एसटीत आमची लेक सारखी मान हलवत होती, मानेला वारा लागत होता म्हणून हसत होती. घरी ह्यांनी बटा तळहातावर घेतल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. तिच्या नव्या केसांकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

मग खरं काम सुरू झालं. कसालच्या बाजारातून बारीक जाळीचं कापड आणलं. ह्यांच्या डोक्याच्या मापाचं मडकं शोधलं, त्यावर जाळीची टोपी शिवली. ओट्याच्या दोन खांबांना खिळे मारून तीन दोरे ताणले आणि त्यात चारचार केस गुंफून लांब झालर केली. ती टोपीला मागून ओळीनं शिवायची. कपाळाजवळ मात्र झालर चालत नाही, तिथे क्रोशाच्या सुईनं दोनदोन केस जाळीत ओढून गाठ मारावी लागते. दोरा कुठला, तर तंगूस. मासे गरवायचा तो नायलॉनचा तंगूस, कारण ह्यांना आता टोप पडायची इतकी धास्ती की दोरा मोठा मासा ओढील असा हवा. तंगूस मासा ओढतो की नाही मला ठाऊक नाही, माझी बोटं मात्र त्यानं कापली. काथ्यानं आधीच भेगा पडलेल्या, त्यात हा. मीठ लागलं की मी ओरडायची.

हे काय करत होते? आरशात बघत होते. मी म्हटलं, मागची झालर तरी तुमी गुंफा. तर म्हणाले, "माझे हात रखरखीत झाले तर राणी कशी दिसतली?" आणि खोबरेल घेऊन हात चोळत बसले. वर सूचना चालूच. कपाळ उंच झालं. भांग वाकडा आहे. रडताना गालावर एक बट आली पाहिजे, पण हसताना नको. मी विचारलं, त्या बटीला कसं कळायचं राणी हसते की रडते? ह्यांनी त्याचाही विचार केला होता.

एके दुपारी कपाळाच्या गाठी संपत आल्या होत्या. हे टोप घालून आरशासमोर मान वळवून म्हणाले, डावी बाजू जड वाटते, थोडी उसवून परत कर. माझ्या हातातली सुई खाली पडली. मी म्हटलं, "माझे हात बघा एकदा. दुसरा कायएक नको माका. साडी नको, दागिनो नको. फकत एकदा हात बघा." हे आरसा जरा तिरका करून म्हणाले, "गो, ही बट कानामागसून इली तर?"

मी उठून आत गेले आणि मिरच्या वाटायला घेतल्या. कापलेल्या बोटांना मिरची लागली आणि मी रडले. थोडी मिरचीमुळे, बाकी खरीच.

टोप पुरा झाल्यावर त्याची परीक्षा सुरू झाली. हे ओट्यावर बेशुद्ध पडायचे. डावीकडे पडायचे, उजवीकडे पडायचे, धाडकन पडायचे, हळूहळू ढासळायचे, आणि मी टोप हलला की नाही ते सांगायचं. एकदा मी विहिरीवर होते. लुंगी नेसलेले, लांब केसांचे हे पडवीत आडवे पडलेले शेजारणीनं बघितले, बोंब ठोकली आणि कांदा फोडून ह्यांच्या नाकाला लावला. तरी हे उठले नाहीत. टोप हलला नव्हता, म्हणून खूश होते. त्या दिवशी मला वाटलं, करू दे मेल्याला ऋषीचं काम, दाढी तरी मला विणावी लागणार नाही. पण दाढीचं नाव काढलं की ह्यांचा चेहरा जो पडायचा, तो मला बघवत नव्हता, हेही तितकंच खरं.

जत्रा आली. पालखी देवळाभोवती फिरून आली, खाजं-खेळण्यांची दुकानं लागली, आणि मी नेहमीच्या जागी चटई टाकली. मुलगी माझ्या एका बाजूला, शेजारीण दुसऱ्या. मालक बाजापेटीजवळ हाताची घडी घालून उभे होते आणि त्यांच्या मागे तो नवा मुलगा.

राणी आली. केस पाठीवर मोकळे, दिव्यांत नुसते काळेभोर. "आई, माझे केस," मुलगी कुजबुजली. साडी माझ्या भावानं भाऊबिजेला दिलेली, जी मी अजून एकदाही नेसले नव्हते. राणी बेशुद्ध पडली आणि टोप जागचा हलला नाही.

दशावताराला लिहिलेलं नाटक नसतं. कुठली गोष्ट करायची ते रंग लावताना ठरतं आणि बोलणं ज्याचं त्यानं उभ्या उभ्या जुळवायचं. त्या रात्रीची गोष्ट होती राजानं टाकलेल्या राणीची. ती रानात मोळ्या विकून जगते आणि एक दिवस राजा शिकारीला येतो. राजा म्हणतो, माग काय हवं ते, राज्य माग. राणी गप्प. बाजापेटी थांबली. गालावर बट आली, बरोबर हवी तशी. मग राणीनं आपले तेल चोळलेले मऊ हात पुढे केले आणि म्हणाली, "महाराज, माझे हात बघा. मला दुसरं काहीही नको. वस्त्र नको, अलंकार नको. फक्त एकदा माझे हात बघा."

सगळी जत्रा चिडीचूप झाली. माझंच बोलणं, मालवणीतून उचलून राजवाड्याच्या भाषेत नेलेलं. शेजारीण पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बायलमाणसाचा दुख्ख ह्येंकाच कळता गो. तू नशिबाची." तिला काय सांगणार? मला रागही आला होता आणि रडूही येत होतं, आणि इतक्या माणसांत दोन्ही गिळून बसावं लागलं. मालकांनी हाताची घडी सोडली आणि त्या नव्या मुलाच्या कानात काहीतरी सांगितलं.

सकाळी हे पेटारा घेऊन आले ते पायरीवरूनच ओरडत. "हंगामभर राणी माझीच!" मी चहा ठेवला. कानामागे अजून रंग होता, डोळ्यांत काजळ होतं, पण ते ओघळलेलं नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"ता हातांचा बोलणा माझा होता," मी म्हटलं.

"मगे कोणाचा?" बशीत फुंकर मारत हे म्हणाले.

"माका वाटला, तुमी आयकाकच नाय."

"आयकलंय तर. शब्द न शब्द आयकलंय." मग ह्यांनी बशी खाली ठेवली, माझा हात हातात घेतला आणि उलटा केला. टोपाच्या गाठी मारताना झालेल्या जखमा अजून भरल्या नव्हत्या. अंगठ्याजवळची तर लालच होती. हे वाकून जवळून बघायला लागले.

"ह्या काय झाला गो?" त्यांनी विचारलं, अगदी मनापासून.

मी हात सोडवून घेतला आणि टोप मडक्यावर चढवायला उठले. डावी बाजू थोडी उसवली होती.