दहाव्याचं पान

"कोंढाळकर, खुर्ची जरा सरकवा. आजपास्नं नीलोफर हितं बसंल," बापू म्हणाले आणि माझी खिडकीजवळची जागा गेली.

बापू म्हणजे आमच्या भोरच्या साप्ताहिकाचे मालक-संपादक. नीलोफर सायबर कॅफेत काम करता करता वेबसाइट बनवायला शिकलेली. साइट आमची आधीही होती, मीच चालवायचो. छापलेलं पान स्कॅन करायचं आणि चढवायचं. ती उघडेपर्यंत मुंबईतल्या वाचकांचा चहा पिऊन व्हायचा. म्हणून बापूंना ती नव्याने करायची होती. हे काम मला मिळेल असं मी धरून चाललो होतो. इतकी वर्षं पानं मीच लावत होतो. पान लावणं म्हणजे कुठली बातमी, कुठली जाहिरात कुठे बसवायची ते ठरवणं.

काम तिला मिळालं. नवा कॉम्प्युटरही. बापू माझ्यावर खेकसायचे, तिला मात्र "चहा घेतलास का गं?" विचारायचे. माझा नुसता जळफळाट होत होता.

नवी साइट ट्रायलवर होती. एका सकाळी मी ती उघडली. आंबवड्याच्या एका आजोबांची निधनवार्ता होती, आणि तिच्या डोक्यावर एका पुढाऱ्याचा हात जोडून हसणारा फोटो: वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. अंकात या दोन गोष्टी आम्ही कधी शेजारी येऊ देत नाही. आल्या तर दोन्हीकडची माणसं ऑफिसात येतात.

मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. ती शेजारीच बसली होती. तिला सांगायचं सोडून मी तडक बापूंकडे गेलो.

"बघा. अंकात असं झालं असतं तर मला घरी बसवलं असतं तुम्ही."

बापूंनी तिला बोलावलं. "हे काय गं? लोकं जोड्यानं मारत्याल आपल्याला."

"चुकलंच, बापू. जे नवीन टाकू ते आपोआप वर जातं." मग माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही अंकात काय करता?"

"निधनवार्तांना वेगळं पान," मी ऐटीत सांगितलं. "दहावा कुठं, किती वाजता, ते ठळक."

"पण अंक मुंबईला पोचेपर्यंत दहावा होऊन जात असंल की."

"जातोच."

ती जागेवर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिने साइटवर नवं पान केलं. कुठल्याही गावात कुणी गेलं, की दहाव्याचं ठिकाण आणि वेळ त्याच दिवशी तिथे यायची. अंकाची वाट बघायची नाही.

महिनाभरात फोन सुरू झाले. पहिला मीच उचलला. "मार्गासनीला चुलत्याच्या दहाव्याला येळंवर पोचलो बगा. त्या म्याडमला सांगा, लई उपकार झालं."

आमच्या वर्धापनदिनी बापूंनी नीलोफरला शाल आणि नारळ दिला. ती माइकवर म्हणाली, "चूक कोंढाळकरकाकांनी दाखवली म्हणून हे पान झालं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठीच. मीही वाजवल्या, सगळे बघत होते म्हणून.

धंद्यातल्या नव्या माणसांना मी आता एवढंच सांगतो. दुसऱ्याची चूक साहेबाला दाखवायला जाल, तेव्हा दुरुस्ती स्वतः करूनच घेऊन जा. नुसती चूक नेलीत, तर शाल चूक करणाऱ्याच्याच खांद्यावर पडते.