डावखुऱ्याचं सोंग

एमेट ड्रेसेन चार वर्षं कॉलेजच्या अमेरिकन, म्हणजे हातानं चेंडू फेकायच्या, फुटबॉल संघात होता आणि चार वर्षांत एकाही खऱ्या सामन्यात मैदानात उतरला नव्हता. तुम्ही म्हणाल, मग हा बाबा तिथं करत काय होता? मार खात होता, दुसरं काय!

आयोवातल्या त्या छोट्या कॉलेजात सामना शनिवारी. सोमवारपासून संघातल्याच काही पोरांनी येणाऱ्या पाहुण्या संघाचं सोंग घ्यायचं, हुबेहूब त्यांच्यासारखं खेळायचं, म्हणजे आपल्या बचावाच्या पोरांना सराव होतो. या सोंगाड्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, होता एमेट. दर आठवड्याला नवा शत्रू व्हायचं आणि आपल्याच दोस्तांच्या धडका खायच्या. शनिवारी मात्र धुतलेले कपडे घालून कडेला उभं राहायचं नि टाळ्या पिटायच्या.

त्या वर्षी संघ सुटलाच होता. हरणं म्हणून माहीत नाही! न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत गावात दुसरा विषय नव्हता. आदल्या शनिवारी तर तीस गुणांची आघाडी होती. कोच कुबेक ओरडले, "ड्रेसेन, हेल्मेट घाल!" एमेटनं धडपडत हेल्मेट डोक्यावर चढवलं. पण तेवढ्यात समोरच्यांनी लागोपाठ दोनदा गुण मारले. कोचनी त्याच्याकडे न बघताच हात हलवला. बस खाली. बसला बिचारा.

आता उरला होता एकच सामना, हॅलोवेल कॉलेजशी. तेही न हरलेले. त्यानंतर एमेटचं शिक्षण संपणार आणि तो घरी डुकरं पाळायला जाणार.

"आपली डुकरंसुद्धा तुझ्याइतका मार खात नाहीत रे," डॅड फोनवर म्हणाला. "सोड ना आता."

"एक डाव, डॅड. मला एकच डाव खेळायचाय."

सरळ कोचच्या खोलीत जाऊन त्यानं तेच सांगितलं. कुबेक माणूस फटकळ, पण खोटं बोलणारा नव्हता. "शेवटी आपण पुढे असलो तर बघू. वचन देत नाही."

पुढे असलो तर! म्हणजे आधी हॅलोवेलला अडवायला हवं. आणि हॅलोवेलचा क्वार्टरबॅक हेस होता डावखुरा. डाव्या हाताचा चेंडू उलटा फिरत येतो, सवय नसेल तर हातातून निसटतो. एमेट उजव्या हाताचा. सोमवारी त्यानं चेंडू डाव्या हातात घेतला आणि फेकला, तो जाऊन पडला थेट पाण्याच्या पिंपात.

बचावातला टायरस बीमन पोट धरून हसला. "अरे, माझी आजी बरं फेकते!"

"तुझ्या आजीलाही शिकवीन. बघत राहा."

मग पठ्ठ्यानं हट्टच धरला. जेवताना काटा डाव्या हातात, दात घासायचे डाव्या हातानं, आणि सराव संपला की व्यायामशाळेच्या भिंतीवर चेंडू आपटत बसायचा. खांदा सुजून लाल झाला. हेसच्या सामन्यांची चित्रफीत तो पुन्हापुन्हा बघे. लांब फेकण्याआधी हेस डावी टाच किंचित उचलतो, हे त्यानं हेरलं नि तेही सोंगात घेतलं. गुरुवारी त्यानं टायरसच्या डोक्यावरून चेंडू नेला. एकदा नाही, तीनदा.

टायरस तणतणत आला. "कसं काय रे, लेका?"

"माझ्या हाताकडे बघतोस, गाढवा. टाच बघ."

शनिवारी बोचरा वारा होता. लोक हातात चिलीचे, म्हणजे तिखट खिमा-राजम्याच्या रश्श्याचे, वाडगे आणि दालचिनीचे गोड रोल घेऊन आले होते, पण खायचं कुणाला सुचत नव्हतं. शेवटचं मिनिट लागलं तेव्हा घरचा संघ सतरा, हॅलोवेल चौदा, आणि चेंडू हेसच्या हातात. एमेट कडेला मुठी आवळून उभा होता. हेसची टाच उचलली गेली. एमेटनं तोंड उघडायच्या आत टायरस धावत सुटला होता! चेंडू उलटा फिरत आला आणि टायरसनं तो छातीशी कवटाळला.

आता घरच्या संघानं चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकायचा, की डाव तिथंच थांबतो, आणि घड्याळ संपू द्यायचं. पण हातातून सुटला तर सगळी कमाई पाण्यात. नेहमीचा क्वार्टरबॅक कोल्बी हेल्मेट घालता घालता थांबला. "कोच, एमेटला पाठवा."

"वेड लागलंय का तुला? तीन गुणांचा सामना आहे!"

टायरस धापा टाकत आला. "कोच, हा चेंडू त्याचाच आहे. मी फक्त पकडला."

कुबेकनी एमेटकडे पाहिलं. दात-ओठ खाल्ले. "जा, ड्रेसेन. घ्यायचा आणि टेकायचा. फेकलास तर जन्मात तुझं तोंड बघणार नाही."

एमेट आत गेला. चेंडू सणकन तळव्यात बसला. उजवीकडे आपला गडी मोकळा उभा दिसला, आसपास चिटपाखरू नाही. खांद्याला कसा मोह झाला असेल, सांगा! चार वर्षांची भूक होती ती. एमेटनं चेंडू पोटाशी घट्ट धरला आणि गुडघा टेकला.

"एमेट ड्रेसेन," भोंग्यातून आवाज आला, "गुडघा टेकला, एक यार्ड मागे."

घड्याळ संपलं आणि सगळं मैदान उठून नाचायला लागलं. त्या कल्लोळातही एमेटला एक आवाज ओळखू आला. डुकरं सोडून सामन्याला आलेला डॅड बाकावर उभा राहून शेजारच्या अनोळखी बाईला गदागदा हलवत होता. "माझा पोरगा आहे तो! बाई, आत्ता खाली बसला ना, तो! माझा!"