पटासाठी ठेवून घेतलेली मुलगी

मुळशी धरणाकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बरीच वर्षं पाचवी ते सातवीला शिकवलं. पट दरवर्षी घसरत होता. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांची मुलं पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जायला लागली. उन्हाळ्यात मी दारोदार फिरून मुलं मागायची. एकदा एका आईनं विचारलं, "बाई, तुमची पोरगी कुटल्या शाळंत हाय?"

माझी मुलगी हिंजवडीच्या इंग्रजी शाळेत होती. मी खोटं बोलले नाही, पण त्या घरी पुन्हा गेले नाही.

त्या वर्षी पाचवीत धनगराची एक मुलगी होती. पठारावरून तासभर चालत यायची. फळ्यावर गणित लिहून होईपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. सरकारी निवासी शाळेच्या परीक्षेला मीच तिला बसवलं आणि ती पास झाली. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट.

वडील पत्र घेऊन आले. "बाई, धाडू का हिला?"

ती गेली असती तर सहावीचा वर्ग टिकला नसता. मी म्हणाले, "लहान आहे हो अजून. एवढ्या लांब एकटी कशी राहील? सातवीपर्यंत राहू दे, मी शिकवते."

"तुमी म्हनताय तर राहू द्या. आमाला काय कळतंय त्यातलं."

ती दाराशी उभी होती. 

सहावी तिनं माझ्याकडे केली. पुढच्या जूनमध्ये आदेश आला. पट कमी म्हणून सहावी-सातवी बंद, मुलांनी खालच्या मोठ्या गावातल्या शाळेत जायचं. गाडी देऊ म्हणाले होते, ती आलीच नाही. पठारावरून सकाळची एसटी गाठणं तिला शक्य नव्हतं. निवासी शाळेत प्रवेश फक्त सहावीलाच मिळायचा, ती वेळही गेली होती.

मी पठारावर गेले. ती शेळ्यांचा वाडा झाडत होती. वडिलांनी मला घोंगडी अंथरून दिली, चहा केला. "यकटी पोर कुटं धाडू, बाई? न्हाई जमायचं." ते चिडले असते तर मला सोसलं असतं.

निघताना मी तिला विचारलं, "तेव्हा तुला जायचं होतं का गं?"

"व्हय," ती म्हणाली, आणि परत झाडायला लागली.

मी तिथंच रडले. तिनं मला पाण्याचा तांब्या आणून दिला.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. कपाटात तिचा दाखला तसाच पडला होता, न्यायला कुणी आलं नव्हतं. शाळा सोडल्याच्या कारणापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'वर्ग बंद'.