प्रश्नही पंतांचा, उत्तरही पंतांचं

आमची कचेरी अकोल्यात होती की अमरावतीत, हे विचारू नका. विचारलंतच, तर ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ एवढंच सांगेन. हे उत्तर मी मोरोपंतांकडून शिकलो. बासष्ट साली जिल्हा परिषदा निघाल्या, तेव्हापासून मी त्यांच्या समोरच्या टेबलाशी बसत होतो.

जिल्ह्याचा कारभार आता जिल्ह्याच्या हाती आला, असं तेव्हा भाषणांत सांगत. आमच्या हाती आले ते प्रश्न. विधानसभेत कुणी आमदार शाळेचं, विहिरीचं, दवाखान्याचं विचारी. मंत्री तो प्रश्न सचिवालयाकडे टाकत, सचिवालय आमच्या साहेबांकडे आणि साहेब मोरोपंतांकडे. पंतांना पुढे टाकायला कुणी नव्हतं, म्हणून ते उत्तर लिहीत.

आणि काय लिहीत! एकदा विचारणा आली, वादळात अमक्या शाळेचे छप्पर उडाले हे खरे आहे काय? पंतांनी लिहिलं, ‘नाही. छपराचे अकरा पत्रे उडाले असून उरलेले सात जागेवर आहेत.’ पुढचा भाग होता, असल्यास दुरुस्ती कधी होणार? त्यावर ‘प्रश्न उद्भवत नाही.’ यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं लिहिणाऱ्यांना ते आळशी म्हणत. नुसतं ‘होय’ मात्र त्यांच्या लेखणीतून कधी उतरलं नाही. “होयच म्हणायचं, तर आपण इथे कशाला बसलोय?” असं ते मला दटावत.

आता आतली गोष्ट. पंत उत्तरं लिहीत तसे प्रश्नही लिहीत. आमच्या भागाचे आमदार महादेवराव काळ्या जमिनीतले मोठे शेतकरी. सभा गाजवावी तर त्यांनीच, पण सरकारी भाषेचा कागद समोर आला की त्यांना घाम फुटे. अधिवेशनाआधीच्या रविवारी ते भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन पंतांच्या ओसरीवर हजर होत. “पंत, एवढं सरकारी भाषेत बसवून द्या ना.” पंत बसवून देत. प्रश्न मुंबईला जाई आणि महिन्याभरानं फिरून पंतांच्याच टेबलावर येई. मग पंत त्याचं उत्तर देत. यात दोघांनाही काही वावगं वाटत नसे. महादेवरावांचं नाव पेपरात येई, कचेरीची अब्रू राही, आणि लोकांना पेपर वाचायला मिळे. छपराचा प्रश्नही असाच ओसरीवर जन्मलेला होता, हे मला पुढे कळलं.

चौसष्ट सालच्या ऑक्टोबरात मात्र पंतच महादेवरावांच्या घरी गेले. कारण होती पंतांची लेक तारा.

तारा निंबखेडला दिलेली. हिवरखेडला एस.टी. सोडायची आणि पुढे दोन तास बैलगाडी, असं ते गाव. जावई वसंत तिथे मास्तर. ताराचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तेव्हा मूल आडवं आलं होतं. डॉक्टरांनी तारा वाचवली, मूल गेलं. आता दुसरी खेप, जानेवारीचे दिवस. सासू अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून माहेरी यायला तारा तयार नव्हती. निंबखेडला दवाखाना होता, बाळंतपणाच्या दोन खाटा होत्या, नर्सची जागाही मंजूर होती. नर्स माणिकबाई मात्र आठ महिने आमच्या साहेबांच्याच बंगल्यावर त्यांच्या सासूबाईंना इंजेक्शनं देत होत्या. कचेरीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, कागदावर कुठंच नव्हतं. साहेबांपुढे तोंड उघडण्याची पंतांची छाती नव्हती. माझीही नव्हती, उगाच मोठेपणा कशाला सांगू?

म्हणून पंतांनी आयुष्यात पहिल्यांदा पळवाट नसलेला प्रश्न लिहिला. जागा मंजूर आहे काय? असल्यास, ती भरलेली आहे काय? भरलेली असल्यास, नेमलेली परिचारिका गेल्या आठ महिन्यांत दवाखान्यात हजर झालेली नाही, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची कारणे काय आहेत? चारही बाजूंनी भिंत घातली. महादेवराव म्हणाले, “आता कोठून निसटतेत पाहू!”

नोव्हेंबरात प्रश्न परत आला. साहेबांनी वाचला, घाम पुसला आणि पंतांना बोलावून म्हणाले, “मोरोपंत, यातून कुणालाच सुटता येणार नाही. तुम्ही तरी काय करणार म्हणा!”

हेच साहेबांनी बोलायला नको होतं.

पंत टेबलाशी येऊन बसले. चहा आला, निवला. त्यांनी निंबखेडचा हजेरीपट मागवला आणि दुपारी तीनच्या सुमारास त्यांचा चेहरा उजळला. माणिकबाई दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सही करायला निंबखेडला जाऊन येत. पंतांनी झरझर लिहिलं: ‘(३) हे खरे नाही. प्रस्तुत परिचारिका प्रत्येक महिन्यात दवाखान्यात हजर असल्याचे हजेरीपटावरून दिसून येते. (४) प्रश्न उद्भवत नाही.’ साहेबांनी पंतांच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही सगळे उभे राहून वाहवा करत होतो, त्यात मी पुढे. टपाल पाच वाजता गेलं.

पंतांच्या घरी प्रमोदिनी वहिनींनी विचारलं, “लागला का हो माणिकबाईंचा निकाल?”

पंत ओसरीच्या पायरीवरच बसले. दुसऱ्या दिवशी हे त्यांनीच मला सांगितलं. “मला दिवसभर तारा आठवलीच नाही रे. समोर नुसता प्रश्न होता.” मला त्यांचा संताप आला, आणि आदल्या दिवशीच्या माझ्या वाहवेची लाजही वाटली.

उत्तर परत मागवता येत नव्हतं, त्यावर साहेबांची सही होती. उरली होती एक टिप्पणी. सभागृहात आमदार उत्तरावर आणखी काय काय विचारतील, याचा अंदाज घेऊन मंत्र्यांसाठी ती तयार करायची असे. पंतांनी सतरा संभाव्य प्रश्न काढले: खाटा किती, औषधं कोणती, इमारत कधीची, आणि सतराही प्रश्नांची चोख उत्तरं दिली. मी म्हटलं, “पंत, अठरावा राहिला.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टिप्पणी पाकिटात घातली.

हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला निघालेल्या महादेवरावांना गाठायला ते स्टेशनवर गेले, मीही बरोबर होतो.

महादेवरावांनी हात पुढे केला. “आना कागद. पुढचं काय इचाराचं थे लिवलं असंन ना?”

“या वेळी कागद नाही.”

“काहून? मंग मी तिथी काय बोलू?”

“माझ्या ताराला दिवस भरत आलेत, महादेवराव. दवाखान्यात बाई नाही. तुमची लेक तिथे असती तर तुम्ही काय विचारलं असतं? तेच विचारा. तुमच्या भाषेत.”

पुढचं महादेवरावांनीच येऊन सांगितलं. मंत्र्यांनी उत्तर वाचलं. महादेवराव उठले. “हजेरीपट राहू द्या साहेब. आज या घडीले थे बाई हाय कुठी?” मंत्र्यांनी टिप्पणी चाळली. एक पान, दोन पानं, पुन्हा पहिलं. सतरा उत्तरं होती, हे नव्हतं. सभागृहात हशा उसळला. शेवटी मंत्री म्हणाले, आठ दिवसांत बाई दवाखान्यात दिसतील. सहाव्याच दिवशी माणिकबाई पेटी घेऊन हिवरखेडच्या एस.टी.त बसल्या. साहेबांच्या सासूबाई त्यानंतरही ठणठणीत होत्या, हे नोंदवून ठेवतो.

जानेवारीत ताराचं मूल पुन्हा आडवं आलं. माणिकबाई रात्र आणि अर्धा दिवस तिच्यापासून हलल्या नाहीत. मुलगी झाली. वसंताची तार वाचून पंत टेबलावर डोकं टेकून रडले. कचेरीत रडायची पद्धत नसल्यामुळे आम्ही सगळे फायली चाळू लागलो.

आठवड्यानं पंतांना मेमो आला. भाषा त्यांचीच होती, साहेब ती त्यांच्याकडूनच शिकलेले. ‘(१) मंत्रिमहोदयांना विचारला जाणारा प्रश्न माहीत असूनही आपण तो टिप्पणीत घेतला नाही, हे खरे आहे काय? (२) असल्यास, त्याची कारणे काय आहेत?’ अख्खी कचेरी पंतांभोवती जमली. हा माणूस यातून कसा निसटतो, ते आम्हाला पाहायचं होतं. मीच त्यांच्या कानाशी लागलो, की ‘माहीत असूनही’ यावर धरा, माहीत होतं हे सिद्ध कोण करणार? पंतांनी नकारार्थी मान हलवून उत्तर लिहिलं. त्या उत्तरापायी त्यांची बदली कोंडवाड्यांच्या शाखेत झाली, आणि निवृत्तीपर्यंत ते भटक्या गुरांची माहिती गोळा करत राहिले.

उत्तराची नक्कल मीच केली होती, म्हणून शब्द पाठ आहेत.

‘(१) होय.

(२) कारणे दोन. दोघीही सुखरूप आहेत.’