कोटेश्वरला समुद्र घरी नव्हता

या सहलीचं मूळ सुनंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, आत्या. तिचं गाव दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीला पाणी भरपूर, पण सगळं खारट. त्याच पाण्यावर आत्यानं सत्तरी गाठली. फार पूर्वी तिथं समुद्र होता असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं आणि दिवाळीत तिनं मला फर्मावलं, "जवाई, ज्याचं पानी जलमभर पेली, त्याच्यात एकडाव पाय बुडवाचे हायेत. गुडघे चालतात तवरक नेता का?"

मी संस्कृतचा मास्तर. सोपी वाट घेणं माझ्या स्वभावात नाही. गोवा सोडून मी नकाशाचं पश्चिमेकडचं टोक धरलं: कच्छमधलं कोटेश्वर. खाडी, चिखल, काटेरी बाभळी आणि त्यापुढे रस्ताच नाही. जवळच्या लखपतच्या ओसाड किल्ल्यावर माझाही डोळा होता. महिनाभर अकोल्यात जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला असायचा आणि वांग्याचा रस्सा अरबी समुद्रात सांडायचा. खरी सहल तेव्हाच निम्मी झाली, असं मला अजून वाटतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. अकोल्याहून रेल्वेनं कच्छ गाठा, पुढे भुजहून गाडी ठरवा. सरहद्द जवळ आहे, तेव्हा ओळखपत्र हाताशी ठेवा. पेट्रोल भुजलाच भरा. मुक्कामाला कोटेश्वरजवळच्या नारायण सरोवराची धर्मशाळा. तिथलं जेवण इतकं स्वस्त की आपणच ओशाळतो. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि ताक. पाणी सोबत न्या. आत्यानं नेलं होतं, पण आपल्याच विहिरीचं, मोठी बाटली भरून. बाहेरचं पाणी तिला फिक्कं लागतं.

भुज सोडलं की गावं विरळ होत जातात, मग झाडं, मग बोलणंही, आणि आमच्या घरात हे नवल. पवनचक्क्या संथ फिरत होत्या. आमच्या घरात हे नवल.

कोटेश्वरला पोचलो तेव्हा ऊन चढायचं होतं. महादेवाच्या देवळामागच्या धक्क्यावर गेलो आणि थांबलो. नजर पोचेल तिथवर ओला, चकाकणारा चिखल. त्यात कुशीवर पडल्यासारखी एक होडी.

"समुद्र कुठी हाय?" आत्यानं विचारलं.

सुनंदा माझ्याकडे वळली. "अहो, तुमच्या आखणीत समुद्र किती वाजता होता?"

आम्ही वऱ्हाडी माणसं प्रवास आखतो ते उन्हाच्या हिशेबानं. उन्हाचा विचार केला, रेल्वेचा केला, आत्याच्या गुडघ्यांचा केला. ओहोटी डोक्यातच आली नाही. आमची पूर्णा नदी उन्हाळ्यात जाते ती पावसाळ्यात येते. दिवसातून दोनदा ये-जा करणारं पाणी आम्हाला कुठलं ठाऊक! संस्कृतात समुद्राला ढीगभर नावं आहेत; बाहेर गेलेल्या समुद्राला मला तरी एकही आठवेना.

चिखलात उतरणं आत्याच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं आणि उद्या पहाटे परत फिरायचं होतं. ड्रायव्हर इब्राहिमभाई घड्याळ पाहत म्हणाले, "साहब, लखपत जाना है तो अभी निकलो. अंधेरे के पहले लौटना है."

"तुमी दोघं जा किल्ल्यावर," आत्या म्हणाली. "घरधनी बाहीर गेला असंन. येईन. मी बसते."

चहाच्या टपरीवरून तिनं खुर्ची मागून घेतली आणि पाव्हण्यासारखी ऐसपैस बसली. मी लखपतच्या दिशेला एकदा पाहिलं आणि दुसरी खुर्ची मागितली.

दुपार कशी सरली ते नीटसं सांगता येणार नाही. आत्या चिखलावरचे मिठाचे पांढरे पापुद्रे पाहत होती. "आपल्या वावरात अशीच पपडी धरते," ती म्हणाली. मग डुलकी लागली, बहुधा आम्हा तिघांनाही. जागा झालो तो खाऱ्या वासानं. चिखलाच्या घड्यांत बारीक चकाकी सरकत होती. आवाज नाही, लाट नाही. कुणी अंथरूण घालावं तसं पाणी पसरत आलं. होडी हलली, सरळ झाली. ऊन पिवळं पडलं, तेव्हा धक्क्याची खालची पायरी बुडाली.

आम्ही दोघांनी आत्याला धरून उतरवलं. तिनं लुगडं वर धरलं आणि पाय पाण्यात सोडले. मग बाटलीत उरलेलं विहिरीचं पाणी समुद्रात ओतलं.

"आत्या, एवढ्यानं काय भर पडणार त्यात?" मी म्हणालो.

"भर कायले? त्याचं त्याले देल्लं."

घरी येऊन आता महिना झाला. लखपत राहिलंच, नकाशावर त्याच्या नावावर रश्श्याचा डाग आहे. टेबलावर जेवताना अजूनही मधूनच ती होडी सरळ होते आणि माझा घास हातात राहतो.

परवा आत्याचा फोन आला. "जवाई, सकाळी इहिरीत पाह्यलं तं पानी हातभर खाली. सून घाबरली, म्हने आटून राह्यलं."

"मग?"

"मी म्हटलं, कावून घाबरतं? गेलं असंन बाहीर. खुर्ची आन."