गाडी भरल्याशिवाय चांगलं म्हणायचं नाही

दादाच्या तोंडून माझ्या मुलीबद्दल एकदा तरी चांगलं निघावं, एवढीच माझी अपेक्षा होती. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. निफाडकडे द्राक्षबाग, आणि वर फुटबॉलचा तज्ज्ञ! नाशकातले सामने मोबाइलवर थेट दाखवणाऱ्या एका चॅनलवर तो माइक घेऊन बसायचा. कॉलेजात दोन वर्षं खेळला होता, तेवढ्या भांडवलावर.

माझी मुलगी नाशिकच्या संघाची गोलकीपर. यंदाच्या मुलींच्या स्पर्धेतून राज्याच्या शिबिरासाठी निवड होणार होती आणि पोरगी त्यासाठी वर्षभर पहाटे उठून मैदानावर जात होती. अन् हा काका पहिल्याच सामन्याआधी सगळ्यांदेखत म्हणाला, "नाशिकच्या पोरींचं काय खरं नाय. तीन गोल खाणार." आम्ही दोन गोलांनी जिंकलो. पुढच्या वेळी म्हणाला, "बचाव म्हणजे मोडकं कुंपण हाय." आमच्यावर एकही गोल झाला नाही. सामना संपला की हाच बेरकी म्हणणार, "मी तेच सांगत होतो ना!" टीव्हीवरचे कोटवाले तज्ज्ञ तरी काय वेगळं करतात म्हणा. पण ते आमच्या घरी जेवायला येत नाहीत.

मला संशय आला. अंतिम सामना मालेगावशी होता आणि मालेगाव म्हणजे दादाची सासुरवाडी. आदल्या दिवशी त्यांच्या प्रशिक्षकाबरोबर चहा पिताना मी त्याला माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हसत काय होता, टाळ्या काय देत होता! निवड समितीतले लोकही ते चॅनल बघायचे. पोरीचं नाव खाली ओढायचा डाव असला तर? नातं तुटलं तर तुटलं, म्हणून सामन्याच्या सकाळी मी त्याला मैदानामागे गाठलं.

"दादा, सासुरवाडीची एवढी ओढ?"

तो बघतच राहिला. "येड्या, बाग कशी हाय विचारलं तर आपण काय सांगतो?"

घड लगडलेले असले तरी आमच्यात 'यंदा काही खरं नाही' असंच सांगतात. माल गाडीत भरेपर्यंत चांगलं बोलायचं नाही, दृष्ट लागते.

"मग पोरगी लय भारी हाय असं कसं म्हणू?" दादाचे डोळे भरले होते. तरी मी पुरता विश्वास ठेवला नाही. शेवटी सासुरवाडी ती सासुरवाडी.

सामना पेनल्टीवर गेला. दादा माइकवर ओरडत होता, "गेली! ही पण सुटणार हिच्याकडून!" पोरीनं ती शेवटची पेनल्टी अडवली आणि आम्ही जिंकलो. मैत्रिणींच्या गराड्यातून सुटून ती धावत माझ्याकडे आली. दोन्ही गुडघे फुटलेले.

"पप्पा, कशी खेळले मी?"

निवडीची यादी संध्याकाळी लागणार होती. मी आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना.

"बघू," मी म्हणालो. "यादी तर लागू दे."

तिचा चेहरा उतरला. "यादी लागल्यावर सगळेच म्हणतील, पप्पा."

ती हातमोजे काढत काकाकडे गेली. दादानं माइक बंद केला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "लय भारी खेळलीस, बाळा."

यादी अजून लागायची होती.