दादाचं औषध

माझा दादा झुरळं मारतो. झुरळं, ढेकूण, मुंग्या, जे सांगाल ते. एकतीस वर्षं त्याचा हाच धंदा. मी त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून दादाच्याच घरी राहते, तेव्हा त्याला बोलायचा हक्क माझा आहे आणि मी तो भरपूर वापरते.

पाठीवर पंप अडकवून लोकांच्या दारात उभा राहिला, की त्याची टकळी सुरू होते. मांजर बाहेर काढा, माशांची काचेची पेटी झाका, भांडी पालथी घाला, मुलांना चार तास शेजारी पाठवा. लोक वैतागतात. एक बाई म्हणाल्या, एवढं काय, औषधच तर मारताय. हा बाबा पंप उचलून सरळ घरी आला. संध्याकाळी गाल चोळत बसतो, कारण औषध अंगावर उडालं की कातडीला झिणझिण्या येतात. म्हणतो, जन्मभर मुंग्या मारल्या, आता तोंडाला आल्या. हा विनोद मी हजारदा ऐकलाय आणि तरी मेलं हसू येतं.

त्याची नात सात वर्षांची. आईबाप नोकरीसाठी लांब, म्हणून ती आमच्याकडे असते. तिच्या बोक्याचं नाव फौजदार, कारण घरात येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तो हुंगून तपासायचा.

मागच्या महिन्यात पोरगी शाळेतून खरूज घेऊन आली. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. घरातल्या सगळ्यांनी मानेपासून तळपायापर्यंत चोळायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं. दादाने ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि हसायलाच लागला.

"अगं, हे तर माझंच. पर्मेथ्रिन. पंपातलं."

मी ट्यूब त्याच्या हातातून हिसकावून घेतली. त्याने समजावलं, की माणसाचं शरीर ते भराभर मोडून टाकतं, खरजेच्या किड्याला ते जमत नाही, शिवाय मलमात ते मोजूनमापून घातलेलं असतं. माझी खात्री पटेना, तेव्हा डॉक्टरांना फोन केला. तेही तेच म्हणाले. दादाची स्वारी भलतीच खुशीत होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचं औषध खरोखर औषध झालं होतं. पोरीला त्याने स्वतःच्या हाताने मलम चोळलं. फौजदार रोजच्यासारखा तिच्या कुशीत शिरून झोपला.

सकाळी पोरीची किंकाळी ऐकून आम्ही धावलो. फौजदार फरशीवर आडवा पडला होता. तोंडाला फेस, डोळे टक्क उघडे, आणि चारही पाय झाडत होता. दादा दारातच थिजला. असे पाय झाडणारे किडे तो रोज बघतो. ते दिसले की काम झालं म्हणतो आणि पुढच्या खोलीत जातो.

"मांजर बाहेर काढायचं राहिलं गं," तो म्हणाला.

मला आधी कळेचना. मग कळलं. जगाला दारोदार हेच बजावत फिरणारा माणूस स्वतःच्या घरात विसरला. का, तर या खेपेला ते पंपातून आलं नव्हतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलं होतं. आपण विषालाही औषधच म्हणतो ना, तिथेच घात झाला. मला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी त्याची दयाही आली.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी फौजदारला साबण लावून कोमट पाण्याने धुतलं, सुया टोचल्या. मांजराच्या शरीराला हे मोडताच येत नाही, म्हणाले; पोरीच्या अंगावरचं मलम त्याच्या केसांना लागलं, ते चाटून पोटातही गेलं. दुपारी फौजदार गेला. पोरगी रडली नाही. मोठी माणसं काय बोलतात ते नुसती ऐकत राहिली.

तिची खरूज गेली. परवा तिला ताप आला. दादाने चमच्यात गुलाबी औषध ओतलं आणि तिच्या तोंडाशी नेलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मग विचारलं,

"आजोबा, हे औषध आहे, की तुमचं औषध?"

दादाने चमचा स्वतःच्या तोंडात रिकामा केला. पोरगी अंथरुणावर जराशी पुढे सरकली आणि तो पाय झाडतो का, ते बघत बसली.